कायमचा पत्ता

पहिल्याच पानावर विचारलंय : कायमचा पत्ता.
लिहिला. विडी घरकुल, बी ग्रुप, पाण्याच्या टाकीमागे, सोलापूर.
मग मातृभाषा.
रकाना एकच.
घरात तेलुगू, शाळेत मराठी, नळावर भांडायला कन्नड,
एवढं त्या रकान्याला झेपणारं नाही.
तेलुगू निवडलं.
आई म्हणाली, बरं केलंस.
म्हणाली मराठीत.

बिराजदार सर म्हणाले, शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.
सत्तर पोरं आहेत माझ्याकडे,
तुझा चेहरा लक्षात आहे, बाकीचं तू भर.
दोन रात्री मी स्वतःला 'ती' म्हणत बसले.
ती मेहनती आहे. खोडलं.
ती वर्गात पहिल्या पाचांत आहे. मी सहावी.
ती प्रश्न विचारते.
लॅबमधल्या चाळीस मशिनांतली अकरा चालू,
आणि माझा प्रश्न तीन वर्षं एकच :
सर, अजून पाच मिनिटं बसू?
ठेवलं ते वाक्य.

खरं अडलं ते पुढे.
कॉम्प्युटर सायन्सच का, हजार शब्दांत सांगा.
मी मागापासून सुरुवात केली.
जेकार्डचे पत्ते, एकाला एक शिवलेले,
भोक म्हणजे काहीच नाही, म्हणून शून्य,
कोरी जागा म्हणजे एक, ती आली की धागा वर,
वडील चादरीवर मोर काढतात तो मुळात प्रोग्रॅमच,
वगैरे.
वाचताना वाटलं, हे त्यांना आवडणार.
असं वाटलं याची मग लाज वाटली,
पण खोडलं नाही.

नान्ना रात्रपाळीहून आले,
भुवयांवर कापूस तसाच.
वाच, म्हणाले.
इंग्रजीचं तेलुगू करत वाचत गेले.
मधेच त्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.
"तप्पु."
काय चुकलं?
"उलटं लिहिलंयस. भोक असलं की सुई आत शिरते,
हूक जागेवर राहतो, पट्टी त्याला वर नेते.
भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते,
हूक सुटतो, धागा खालीच."
आणि कडक भाकरीला चटणीच्या बोटाने
भोक पाडून दाखवलं.
तीन मैत्रिणींनी वाचलं होतं ते पान,
पुण्यातल्या सीनियरने, सरांनीसुद्धा.
सरांनी 'छान' लिहून धाडलं होतं.

मग त्यांनी न विचारताच सांगितलं :
एकदा नऊशेतले बारा पत्ते
माझ्या हातून मागेपुढे शिवले गेले.
मोराचा डोळा मानेवर आला.
चाळीस चादरी निघाल्यावर कळलं.
मालकाने पगारातून कापल्या.
त्यातली एक अजून आहे की घरात.

आहे. लहानपणापासून मीच पांघरते.
सहावीत चित्रकलेच्या बाईंनी वही दाखवत विचारलं होतं,
हा कसला गं मोर?
मला प्रश्नच कळला नव्हता.

शून्य-एकची अदलाबदल करून वाक्य दुरुस्त केलं.
चादरीचं नाही लिहिलं.
नव्वद डॉलर आपण द्यायचे
आणि वर तेही वाचायला द्यायचं?

ते नव्वद डॉलर भिवंडीच्या मामाच्या कार्डावरून गेले.
तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेदहा.
नऊला लाइट गेली.
शेजारचे माग एकेक करत थांबले,
आणि इतकं शांत झालं
की आईच्या कात्रीखालचं पान ऐकू यायला लागलं.
मोबाइलच्या नेटवर, बॅटरी चौदा टक्के,
दहा बाविसाला बटण दाबलं.

आईने सुपातून मान वर केली नाही.
"छाट निघाली तर?"
कारखान्यात विड्या परत येतात तेव्हा
ती स्वतः जे म्हणते तेच तिला म्हटलं :
उद्या पुन्हा वळायच्या.

पावती आली.
नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर.
कायमचा पत्ता तेवढा मधेच तुटलाय,
'विडी घर'पाशी.
असू दे.
आमचा पोस्टमन तेवढ्यावर येतो.